दोन डाव्या बाह्या

सोमवार, ४

आज माझं कॉलेज सुरू झालं. एवढं लिहून पेन खाली ठेवलं आणि उगाच मागे वळून बघितलं, कुणी वाचत नाही ना म्हणून.

वर्गातल्या बाई म्हणाल्या, ज्यांची लिहायची सवय सुटली आहे त्यांनी रोज घरी काहीतरी लिहीत जा, कुणी तपासणार नाही. माझी सवय सुटलेली नाही, मुळात लागलीच नव्हती. चौथीत शाळा गेली. त्यानंतर सही, आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्या, यापलीकडे हात चालला नाही. एक पान भरेपर्यंत चहा गार होतो. या बाई अंबाड्यात पेन्सिल खोचतात आणि मग वर्गभर पेन्सिल शोधत फिरतात. त्यांचं नाव मी पेन्सिलबाई ठेवलंय.

कोर्स शिवणकामाचा. दोन सेमिस्टर. शाळेची अट नाही, कामाचा अनुभव बघतात. तो भरपूर आहे. कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसून पाठीचा कणा वाकला, पॅन्टा आखूड केल्या, चेनी बदलल्या, कोटांची अस्तरं लावली. आमच्या मालकीणबाई म्हणाल्या, कटिंग मास्तरांची नजर आता गेली, तू कॉलेजचा कागद आण, त्यांचं टेबल तुझं. म्हणून या वयात हा उद्योग.

सगळ्यांच्या आधी पोचले. खोलीत कुणी नव्हतं. एक मुलगी आली, म्हणाली, "मावशी, फळा पुसायचा राहिलाय." मी पुसला. कोपऱ्यांसकट नीट पुसला. दुसरीनं विचारलं प्यायचं पाणी आलंय का, ते बघून आले. मग पेन्सिलबाई आल्यावर मी पहिल्या बाकावर जाऊन बसले तेव्हा त्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी तेव्हाच का म्हटलं नाही की बाई गं, मीही तुमच्याच वर्गात आहे? एरवी तोंड कात्रीसारखं चालतं. नको तिथे चालतं, हवं तिथे गंजतं.

आता मुख्य गोष्ट. बबी, माझी लेक, याच कॉलेजात आहे. मैदानापलीकडच्या मोठ्या इमारतीत, कॉमर्सला. तिचं तिसरं सेमिस्टर आजच सुरू झालं. मला इथे प्रवेश मिळाला हे सांगितलं त्या दिवशी तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग म्हणाली, "आई, माझ्या बिल्डिंगकडे यायचं नाही. तू माझी आई आहेस हे कॉलेजात कुणाला सांगायचं नाही. शपथ घे."

घेतली. राग आला नाही असं नाही. पण तिचं काय चुकलं? फळा पुसणारी मावशी कुणाला आई म्हणून दाखवायला आवडेल? आमच्या दोन्ही घरांत कॉलेजात गेलेली ती पहिली. माझ्यापायी तिला खाली मान घालावी लागली आणि तिनं कॉलेज सोडलं, तर मी तोंड कुठे लपवू? माझं शिकणं होईल न होईल, तिचं सुटता कामा नये.

गुरुवार, ७

मी मागच्या गेटनं जाते. पुढच्या गेटनं गेलं की मोठी इमारत लागते. मागचा रस्ता कचऱ्याच्या पेट्यांवरून जातो आणि लांबही पडतो, पण शपथ म्हणजे शपथ. डोक्याला रुमाल बांधते, म्हणजे लांबून ओळखू येऊ नये. बबी सकाळीच जाते, मी दुकान करून दुपारी, त्यामुळे वाटेत गाठ पडायचा प्रश्न नाही.

रात्री जेवताना मी तिला विचारलं, नव्या सेमिस्टरला काय शिकवतात. म्हणाली, "तेच मागचं."

मागचंच शिकवायचं तर नवं सेमिस्टर कशाला म्हणायचं? फुकट पगार घेतात लेकाचे. मी तसं म्हटलंही. तेवढ्यात आमचे हे घाईघाईनं म्हणाले, पाया पक्का करत असतील. ह्यांना काय कळतं त्यातलं? पावाची गाडी चालवतात आणि दुनियेची वकिली करतात.

ह्यांची भूक मात्र हल्ली वाढली आहे. सकाळी डबा भरताना म्हणतात, आणखी थोडं घाल. आधी एका डब्यात भागायचं, आता दोन लागतात. बबीचं उलट. डबा नेतच नाही, कॅन्टीनमध्ये खाते म्हणते. कॅन्टीनचं खाऊन वाळत चालली आहे. बापाचं पोट सुटतंय, लेकीचं आत जातंय, आणि भांडी मी घासते.

सोमवार, ११

आज दुकानात सगळे जमले होते. मालकीणबाईंचा मुलगा परीक्षेत नापास झाला, त्या रडकुंडीला आल्या होत्या. बबी माझी किल्ली द्यायला आली होती, तीही होती. मालकीणबाई म्हणाल्या, काय करू या पोराचं. मी म्हटलं, "नापास पोरगं म्हणजे फाटका खिसा. कितीही घाला, खालून गळतं."

कटिंग मास्तर हसून हसून खोकायला लागले. मालकीणबाईसुद्धा डोळे पुसता पुसता हसल्या. बबी तेवढी हसली नाही. किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. तिला विनोद कळत नाही. बापावर गेली आहे.

शिवाय मी खोटं काय बोलले? ज्याला दिवसभर पुस्तक उघडून बसण्याखेरीज दुसरं काम नाही, त्याला नापास व्हायला लाज कशी वाटत नाही?

बुधवार, १३

मागच्या गेटला कुलूप होतं. पहारेकरी म्हणाला, टाकी फुटली, पाणी नाही, आज सुट्टी. पाय दुखवत परत आले. संध्याकाळी बबी नेहमीच्या वेळेला आली. मी विचारलं, तुमचे तास झाले का? म्हणाली, हो, तीन झाले.

म्हणजे मोठ्या इमारतीची टाकी वेगळी असणार. ते खरे विद्यार्थी, त्यांना पाणी. आमच्यासारख्या शिवणाऱ्या-टिपणाऱ्यांना सुट्टी. चालायचंच.

वर्गातलं सांगायचं तर माझं घोडं अडलं आहे. आम्हाला आधी कागदावर शर्टाचा पुढचा भाग, मागचा भाग आणि बाही आखायची असते. मग कागद कापडावर ठेवून कापायचं. मी जन्मात नवं कापड कापलेलं नाही. माझ्याकडे येतं ते कुणीतरी आधीच कापलेलं, शिवलेलं आणि फाडलेलं. ते मी उलटं करते, आतल्या बाजूनं काम करते आणि सुलटं करून देते. त्यामुळे हातात कापड आलं की माझा हात आपसूक त्याला उलटं करतो. पेन्सिलबाई म्हणतात, कागद आहे तसाच ठेवा हो. पालथ्या घड्यावर पाणी.

शेजारच्या पोरी सरसर आखतात. माझ्या कागदाला खोडून खोडून भोक पडलं. त्यातलीच एक, पहिल्या दिवशी फळा पुसायला सांगणारी, म्हणाली, मी करून देऊ का? मी म्हटलं, तुझं तू बघ. मग उगाच खेकसले असं वाटलं. पण बोललेलं परत घेता येत नाही.

मंगळवार, १९

हे लिहू की नको असं झालंय. लिहिते. कुणी तपासणार नाही.

आज परीक्षा होती. घरून शर्टाचे तुकडे कापून न्यायचे आणि वर्गात शिवून दाखवायचे. तुकडे रविवारीच कापून, घडी करून, कपाटावर ठेवले होते. दुकानातून घरी ते घ्यायला गेले तर माझी किल्ली आत आणि दार बंद. ह्यांची गाडी गावाबाहेर. दुसरी किल्ली बबीकडे. तिचा फोन बंद. तास चालू असेल म्हणून बंद ठेवला असेल असं वाटलं.

काय करणार? शपथ मोडायची नव्हती. पण परीक्षाही बुडवायची नव्हती. तेव्हा वाटेतच एक युक्ती काढली आणि मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटलं. डोक्याला रुमाल घट्ट बांधला, बाजाराची पिशवी हातात घेतली आणि पुढच्या गेटनं मोठ्या इमारतीत गेले. जिन्याखाली एक कुरळ्या केसांची मुलगी उभी होती. बबीच्या फोनमधल्या फोटोत तिला बघितलं होतं, बबीची मैत्रीण. तिला बबीबद्दल विचारलं. तिनं विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, "त्यांच्याकडे कामाला आहे. किल्ली हवी होती."

आईची लाज वाटते ना तिला, मग आई नको, मोलकरीण चालेल. मोलकरणीची कुणाला लाज वाटत नाही.

ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अहो मावशी, ती या सेमिस्टरला आलीच नाही. मागच्या परीक्षेत दोन विषय राहिले तिचे. ते सुटल्याशिवाय वर्गात बसू देत नाहीत."

मला आधी ऐकूच आलं नाही. म्हणजे आलं, पण आत गेलं नाही. मी विचारलं, घरी माहीत आहे? म्हणाली, वडिलांना माहीत आहे. मग माझ्या दंडाला हात लावून खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही घरात बोलू नका हं. आईला कळलं तर ती कुठे तोंड दाखवणार? फार घाबरते ती आईला. त्या बाई फार खाष्ट आहेत म्हणे. असं बोलतात की माणूस उभा सोलून निघतो."

मी म्हटलं, "हो. फारच खाष्ट आहे ती."

त्यावर ती हसली आणि म्हणाली, मग तुमचंही कठीणच असेल. मी म्हटलं, सवय झाली.

तिथून वर्गात कशी आले ते आठवत नाही. पेन्सिलबाईंना सांगितलं तुकडे घरी अडकले. त्यांनी कपाटातलं एक निळं कापड दिलं, म्हणाल्या इथेच कापा, वेळ देते. कापलं. शिवलं. उचलून बघितलं तर दोन्ही बाह्या डाव्या. एक बाही कापली की दुसरीसाठी कागद उलटायचा असतो, तो उलटलाच नाही. जन्मभर उलटत आले आणि आज उलटायचा तर राहिला.

पोरी हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवार, २३

पेन्सिलबाईंनी माझ्या निळ्या शर्टाला टाचणीनं चिठ्ठी लावून दिली. नापास.

शर्ट पिशवीत तळाशी घातला, वर बटाटे घेतले आणि घरी येऊन मशीनच्या खणात खाली कोंबला. ह्यांनी विचारलं, परीक्षा कशी झाली? म्हटलं, बरी. बबीनं वर बघितलं आणि परत ताटात बघितलं.

मग एकदम कळलं की मी काय करते आहे. तिनं जे केलं तेच. तेवढ्याच सफाईनं. आणि मी तर मालकीणबाईंच्या पोराला फाटका खिसा म्हणाले होते. बबीसमोर. भरल्या दुकानात. तेव्हा ती नापास होऊन बसलेली होती. किल्ली ठेवताना तिचा हात कसा होता ते आठवून बघते आहे, आठवत नाही. तेव्हा मी सगळे किती हसतात ते मोजत होते.

सोमवार, २५

दुकानात रजा टाकली. मालकीणबाईंना सांगितलं दाढ दुखते. त्या म्हणाल्या, तुझं तोंड बंद असल्याचं पहिल्यांदाच ऐकते. एरवी मी दिलं असतं उत्तर.

बबी दप्तर घेऊन निघाली आणि मी मागून. चोरासारखी. आपल्याच पोरीच्या मागे भिंतींच्या आडोशानं चालताना कुणी ओळखीचं भेटलं असतं तर मी काय सांगणार होते? ती कॉलेजच्या रस्त्याला वळलीच नाही. सरळ सार्वजनिक वाचनालयात गेली. खिडकीतून दिसत होती. वही उघडली, पेन घेतलं आणि बसली ती बसलीच. मध्ये एकदा डोळे चोळले. म्हणजे "तेच मागचं" हे खरंच होतं. तिनं खोटं सांगितलं नव्हतं.

मी समोरच्या चपलांच्या दुकानासमोर उभी. दुकानदारानं दोनदा विचारलं काय दाखवू, तिसऱ्यांदा वैतागून स्टूलच दिलं बसायला.

दुपारी पावाची गाडी आली. आमचे हे उतरले, हातात दोन डबे. बबी बाहेर आली. दोघं पायरीवर बसून जेवायला लागली. म्हणजे वाढलेली भूक ती ही. मी रोज डबा भरत होते आणि कुणाचा भरते ते मला माहीत नव्हतं.

जेवण झाल्यावर हे उभे राहिले. कमरेवर एक हात ठेवला, मान वाकडी केली, दुसऱ्या हाताचं बोट नाचवलं आणि काहीतरी बोलायला लागले. बबी हसून हसून आडवी झाली. पोट धरून हसत होती. एवढं हसताना मी तिला ती लहान असतानाच बघितलं असेल. ह्यांनी पुन्हा बोट नाचवलं, पुन्हा मान झटकली. नक्कल कुणाची चालली आहे ते ओळखायला मला वेळ लागला.

माझी.

स्टुलावरून उठून घरी आले. चपला न घेताच आले म्हणून दुकानदार काहीतरी पुटपुटला, ते बरोबरच होतं.

घरी येऊन ह्यांच्यावर आगपाखड करायची सगळी वाक्यं तयार होती. बायकोच्या पाठीमागे लेकीला सामील होता? मला वेड्यात काढता? एकेक वाक्य असं धारदार की त्याचा मलाच अभिमान वाटावा. आणि मग दिसलं की याच वाक्यांना घाबरून तर ते दोघं पायरीवर जेवतात.

गुरुवार, २८

तीन दिवस मी काही बोलले नाही. घरात बोलायचं ते बोलते, मीठ दे, दिवा बंद कर, एवढंच.

दोघं घाबरलीत. हे काल म्हणाले, डॉक्टरकडे जायचं का. बबीनं न सांगता भांडी घासली. माझ्या बोलण्यानं माणसं घाबरतात, आणि न बोलण्यानंही. मग मी राहायचं तरी कसं?

तिला सरळ सांगून टाकावं की मला सगळं कळलंय, असं दहा वेळा मनात आलं. पण कसं कळलं ते सांगावं लागेल. म्हणावं लागेल की तुझ्या मैत्रिणीला मी सांगितलं, मी तिची आई नाही, मोलकरीण आहे. ते तोंडून निघत नाही. नापास झाल्याची लाज एक वेळ सांगता येईल. ही नाही.

आणि तिनंच येऊन सांगावं असं म्हणायचं, तर तिनं कुणाला येऊन सांगायचं? फाटका खिसा म्हणणाऱ्या बाईला?

पेन्सिलबाईंनी मला पुन्हा संधी दिली आहे. घरातल्या कुणाच्या तरी मापाचा शर्ट शिवायचा, आणि बुधवारी ते माणूस वर्गात आणून त्याच्या अंगावर फिटिंग करायचं. माणूस आणलंच पाहिजे. ह्यांना नेणार नाही. शर्ट बबीच्या मापाचा कापला आहे. माप घेतलं नाही, नजरेनंच कापला. माझ्या पोरीचं माप मला टेप लावून घ्यायची काय गरज?

सोमवार, २

आज जेवताना खणातून तो निळा शर्ट काढला आणि ताटांच्या मध्ये ठेवला. चिठ्ठी तशीच होती. म्हटलं, "मी नापास झाले."

ह्यांचा घास हातातच राहिला. बबी चिठ्ठीकडे बघत होती. ह्यांनी शर्ट उचलला, चाचपला आणि आधी त्यांना काही कळलंच नाही. मग एका बाहीत हात घातला, दुसऱ्या बाहीत घातला, आणि दुसरा हात कोपराजवळ विचित्र वळून तिथेच अडकला.

मी म्हटलं, "दोन्ही डाव्या आहेत."

हसू दाबायला ह्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. मी म्हटलं, हसा. हसण्यासारखंच आहे. आठवड्याहून जास्त लपवून ठेवला होता, बटाट्यांखालून आणला. नापास माणसाबद्दल मी दुकानात काय म्हणाले होते ते तुम्हाला माहीत आहे. ते मी माझ्याबद्दलच म्हणाले होते असं धरा.

ह्यांनी एक हात शर्टात अडकलेला तसाच ठेवला होता. मग बबी, ताटातून मान वर न करता, म्हणाली, "माझे दोन राहिलेत."

माझ्या जिभेवर आलं. खरंच आलं. काय आलं ते इथे लिहीत नाही, सवयीचा माल होता. मी ओठ दाबून धरले. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आता ताट फेकणार.

मी म्हटलं, "भात घे आणखी. वाळली आहेस."

तिनं भात घेतला. खाल्ला नाही, पण घेतला. मग थोडं थोडं सांगायला लागली. निकाल लागला त्या दिवशी घरी येऊन सांगणारच होती. दाराशी आली तेव्हा आतून माझा आवाज ऐकू आला, कुणाला तरी झाडत होते. परत फिरली. दुसऱ्या दिवशी मी नाही का प्रवेशाचा आनंद सांगत होते, मग तेव्हा कसं सांगायचं? आणि मी तिच्याच कॉलेजात येणार म्हटल्यावर तिला वाटलं, आता आज नाही तर उद्या उघडं पडणार. म्हणून ती शपथ.

म्हणजे शपथ माझ्या लाजेची नव्हती. ती वर्गात नाही हे मला कळू नये म्हणून होती. आणि मी कचऱ्याच्या पेट्यांवरून जात होते, डोक्याला रुमाल बांधून, तिची अब्रू राखत.

मी हे तिला सांगितलं नाही. मोलकरणीचंही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, बुधवारी मापाला येशील का. ती म्हणाली, मोठ्या बिल्डिंगकडून नको. म्हटलं, मला मागचा रस्ता पाठ आहे.

बुधवार, ४

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मागच्या गेटपासूनच माझं सगळं लक्ष होतं, ती कुरळी भेटायला नको. आणि ती नेमकी आमच्याच वर्गाच्या दाराशी उभी, कसल्याशा कार्यक्रमासाठी पेन्सिलबाईंकडून कापडाचा नमुना न्यायला आलेली.

बबीला बघून तिनं मिठीच मारली. आधी परीक्षेचं विचारलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बरं झालं मावशी, तुम्ही हिला घेऊन आलात. आईला कळलं नाही ना?"

बबी म्हणाली, "मावशी कोण?"

ती म्हणाली, "या तुमच्याकडे काम करतात ना? त्या दिवशी किल्ली मागायला आल्या होत्या."

बबीनं माझ्याकडे बघितलं. मी जन्मात कुणासमोर मान खाली घातली नसेल, गिऱ्हाइकासमोर नाही, मालकिणीसमोर नाही. आता वर होईना. पिशवीच्या बंदाचा एक टाका निघाला होता, तो बघत राहिले.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी त्या मुलीला म्हटलं, "मीच ती. खाष्ट."

मला वाटलं हसतील. कुणी हसलं नाही. त्या पोरीचा चेहरा उतरला, हात जोडल्यासारखे केले, सॉरी काकू म्हणाली आणि नमुना न घेताच निघून गेली. बिचारीचं काय चुकलं? मी जे सांगितलं त्यावर तिनं विश्वास ठेवला.

बबी हळूच म्हणाली, "आई, तुला वाटलं मला तुझी लाज वाटते?"

जे वाटलं होतं ते दारात उभं होतं, आणखी काय सांगायचं?

आत गेलो. पेन्सिलबाईंनी बबीला टेबलाजवळ उभं केलं. मी शर्ट चढवला. बाह्या यावेळी एक डावी, एक उजवी, दोनदा बघून घेतल्या होत्या. पण शर्ट खांद्यावरून घसरला. छातीत ढगळ, कमरेत ढगळ, जणू हँगरला अडकवलाय. बाईंनी विचारलं, "कुणाच्या मापाचा कापलात?" मी म्हटलं, हिच्याच. त्या म्हणाल्या, मग माप कधी घेतलं होतं?

टेप काढला. खांदा घेतला, छाती घेतली. माझ्या नजरेत असलेली बबी आणि ही उभी असलेली बबी यांच्यात चांगलं मुठीत मावेल एवढं अंतर होतं. ती माझ्यासमोर रोज जेवत होती. सगळ्या वर्गासमोर टेप हातात धरून मी तशीच उभी राहिले. कान तापले.

मग टाचण्या घेऊन बाजू आवळायला लागले. एक टाचणी तोंडात, एक हातात. बबी हात पसरून उभी. मी तिच्या काखेशी वाकलेली होते तेव्हा ती एकदम, फक्त मला ऐकू येईल असं, म्हणाली, "आई, एक सांगायचंय. वाचनालयात बाबा डबा घेऊन यायचे. तेव्हा ते तुझी नक्कल करायचे. आणि मी हसायचे."

पुन्हा ओठाशी काहीतरी आलं. पण ओठात टाचणी होती. ती काढून टेबलावर ठेवली.

म्हटलं, "बघितलीय. चांगली करतात. पण मी दुसरा हात ठेवते कमरेवर."

ती आधी थबकली. मग फुटली. पायरीवर हसली होती तशी, पोट धरून, वाकून. लावलेल्या सगळ्या टाचण्या पटापट निघाल्या, एक बाईंच्या टेबलाखाली गेली. फळा पुसायला सांगणारी पोरगी ती शोधायला वाकली. पेन्सिलबाई ओरडल्या, इथे काय चाललंय, फिटिंग आहे की तमाशा? मी ऐकून घेतलं. सॉरी म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं असेन, बबीनं दचकून बघितलं.

मग मी तिला म्हटलं सरळ उभी राहा, आणि खांद्यापासून पुन्हा टाचायला घेतलं.